नुसता ऐकणारा रेडिओ

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत मडिवाळप्पाचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, लाउडस्पीकर, जे काय बिघडलं असेल ते घेऊन जा. मडिवाळप्पा आधी तुमच्यावर खेकसणार आणि मग वस्तू अशी करून देणार की पुन्हा दहा वर्षं त्याचं तोंड बघायला नको. अशा ह्या माणसापुढं एका दुपारी बाळासो येऊन उभे राहिले. डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडी. घोंगडीवाचून बाळासोंना कपडे घातल्यासारखंच वाटत नाही.

“इमानातलं बोलणं ऐकू यील असा रेडू पायजे,” ते म्हणाले. “लष्कराच्या इमानातलं.”

मडिवाळप्पानं हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवली.

“आन् एक सांगून ठिवतो,” बाळासो पुढं म्हणाले, “बोलणारा नगं. नुसता ऐकणारा द्या.”

“मामा, रेडिओ नुसता ऐकायचाच असतो की. त्याच्याशी कोण बोलतंय?”

“तसं न्हवं. पल्याडच्या दुकानात पोरानं दोन डबडी दावली. बटन दाबलं की आपलं बोलणं तिकडं जातंय म्हनं. तसलं नगं. माज्या तोंडातनं चुकून एक शब्द गेला तर घात हुईल.”

आता असं गिऱ्हाईक दारात आल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकेल. मडिवाळप्पानं त्यांना पटक्यापासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. हेर म्हणावा तर हेर घोंगडी घेऊन कशाला येईल? वेडा म्हणावा तर डोळे चांगले शहाण्याचे होते. शेवटी त्यानं आपला नेहमीचा मार्ग धरला, म्हणजे खेकसला.

“लष्कराचं बोलणं ऐकायला सरकारचा परवाना लागतो मामा. तो तुम्हाला देणार नाहीत, मलाही देणार नाहीत. आणि त्यांचं कामाचं बोलणं कुलूपबंद असतं. आपल्या कानाला नुसती खरखर. जावा घरी, पाणी प्या, पडा जरा.”

बाळासो गेले. पण घरी गेले नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून दुकानाकडं बघत राहिले. माळावर बसून कळपाकडं बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला बसून राहायचा कंटाळा येत नाही.

त्यांना असला रेडिओ कशाला हवा होता, हे सांगायचं तर मंगळवेढ्याच्या माळावर जावं लागेल.

बाळासो जातीचे धनगर. गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेला. ज्वारी पिकते तेवढी काळी जमीन सोडली तर नुसता माळ. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघायचं. बाया घोड्यावर बिऱ्हाड घालून पुढं जायच्या आणि पाणी बघून तळ टाकायच्या. पुरुष मेंढरांबरोबर मागून यायचे. दिवस कलला की तळावरून हाक जायची आणि माळावरून ओ यायची. हाकेवरून मागच्याला तळाची दिशा कळायची. ओ ऐकून बाईला कळायचं की आपला माणूस कुठं आहे, आणि भाकरी कधी टाकायला घ्यायची. मोबाईल नव्हता, रस्त्याच्या पाट्या नव्हत्या, तरी माणूस हरवल्याचं कुणाला आठवत नाही.

ह्या हाकेचा त्यांच्यात एक कायदा होता. हाक कानावर आली की ओ द्यायचीच. जेवत असा, झोपेत असा, हाक मारणाऱ्याशी तुमचं सात जन्माचं वैर असो. ओ आली नाही तर तो माणूस मेला असं धरून लोक दिवट्या घेऊन शोधायला निघत. म्हणून जिवंत माणसानं ओ चुकवणं ह्याला त्यांच्यात पाप म्हणत.

बाळासोंचं आणि त्यांच्या चुलतभावाचं, येडूचं, एका एडक्यावरून बिनसलं होतं. एडका कुणाचा ह्यावरून सुरू झालेलं भांडण एडका म्हातारा होऊन मेला तरी मिटलं नाही. सुंभ जळला, पीळ जळला नाही. अशात एका संध्याकाळी गारपीट झाली. मेंढरं चौखूर उधळली, समोरचा हात दिसेना. त्या अंधारात येडूची हाक आली. कुणाला तरी, कुणालाही मारलेली हाक. बाळासोंनी बसल्या जागेवरून ओ दिली. येडू पुन्हा हाक मारी, हे पुन्हा ओ देत. त्या ओच्या रोखानं येडू कळपासकट बाळासोंच्या तळावर पोचला. रात्रभर दोघं एकाच शेकोटीला बसले, एकाच तव्यावरच्या भाकरी खाल्ल्या आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी येडू आपल्या वाटेनं गेला. ह्यात काही वेगळं घडलं असं दोघांनाही वाटलं नाही.

बाळासोंच्या कानात सगळ्यात घट्ट बसलेली ओ होती ती त्यांच्या पोराची, बिरदेवची. बिरू लहान असताना ओढ्यापलीकडं कोकरं राखायचा. “बिरूऽऽ” अशी हाक मारली की पलीकडून त्याची ओ यायची. लांबत लांबत जायची आणि शेवटाला चिरकायची. त्या चिरकण्याला बाळासो हसायचे आणि तेच ऐकण्यासाठी कारण नसताना हाका मारायचे. तानाबाई, त्यांची बायको, चुलीपासून ओरडायची, “आवो, पोराचा गळा बसंल की!”

पोरगं हुशार निघालं. गावच्या मास्तरांनी सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवलं, ते पास झालं, साताऱ्याला गेलं, तिथून पुढं आणखी लांब गेलं आणि एक दिवस हवाई दलाचा पायलट होऊन गावात आलं. जवान आणि सामान वाहून नेणारं मोठं विमान चालवतो म्हणाला. बाळासो गावभर सांगत सुटले, “आमची जात राखणदाराचीच. आमी मेंढरं राखली, ह्यो आबाळ राखतोय.” पुढं बाळासोंचे गुडघे गेले, मेंढरं विकावी लागली. तेव्हा बिरूनं जुळे सोलापुरात लहानसं घर घेतलं आणि आईबापाला तिथं आणून ठेवलं. धाकटी ऋतुजा तिथल्याच शाळेत शिक्षिका झाली. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, आणि दृष्ट लागली.

त्यांच्या गावात बिरोबाच्या जत्रेत देवाची छत्री धरण्याचा मान असतो. तो घराघराला पाळीनं येतो, आणि एकदा गेला की परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. छत्री धरायची ती घरातल्या थोरल्या मुलानं. मागच्या वर्षी पाळी बाळासोंची होती. बिरूनं येतो म्हणून शब्द दिला होता. बाळासोंनी पोरासाठी कोशाचा रेशमी पटका आणला, भावकीला सांगावे धाडले. ढोल लागले, भंडारा उधळला, पालखी दारातून निघाली, आणि बिरूचा पत्ता नाही. फोन लावावा तर बंद. पुजारी थांबले, थांबले आणि मग म्हणाले, “बाळासो, देवाला उन्हात किती उभं करायचं?” छत्री दुसऱ्या घरच्या पोराच्या हातात गेली.

बाळासो सगळ्या गावासमोर तोंडघशी पडले. डोक्यात रक्त चढलेल्या माणसाला जवळ जे सापडतं ते तो उचलतो. बाळासोंच्या जवळ भंडारा होता. देवासमोरची पिवळी हळद त्यांनी मुठीत उचलली, कपाळाला लावली आणि मोठ्यानं म्हणाले, “आजपासनं त्याच्याशी एक शबुद बोलणार न्हाय.”

तिसऱ्या दिवशी टीव्हीवरून कळलं. सीमेवर तंग झालं होतं आणि सगळ्यांच्या रजा रद्द होत्या. बिरूचा फोन त्यानं बंद केलेला नव्हता, त्याला बंद करायला लावला होता. बाळासोंनी ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. चूक पोराची नव्हती, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पण उचललेला भंडारा परत ठेवता येत नाही. त्यांच्या गावची रीत अशी की ज्याच्यावरून आण घेतली त्याला जत्रेत देवासमोर उभं करायचं, तेव्हाच ती उतरते. यंदाची जत्रा आली तीही बिरूला रजा न मिळताच गेली.

म्हणजे बघा, ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याच घरात राहायचं, त्यानंच घेतलेल्या पलंगावर झोपायचं, आणि रोज संध्याकाळी त्याचाच फोन वाजताना ऐकायचा. फोन तानाबाईच्या मोबाईलवर येई. बाळासोंना वाटे, आण बोलायची आहे, ऐकायची नाही. आपण नुसतं ऐकलं तर देवाचं काय जातंय? पण तानाबाई म्हणजे काय दुधखुळी नव्हे. पहिल्याच आठवड्यात हे जवळ सरकून बसलेले तिनं बघितले आणि फोन घेऊन सरळ गच्चीवर गेली.

“ऐकायचं हाय तर बोलायला लागंल,” खाली आल्यावर ती म्हणाली. “फुकाट ऐकू देणार न्हाय. माजं लेकरू रोज इचारतंय, तात्या हायत का जवळ? मी काय सांगू? हायत, पर भंडाऱ्याखाली गाडल्यात म्हून सांगू?”

बाळासो जिन्यात उभं राहून कान लावायचे. तानाबाईचं बोलणं ऐकू यायचं, पलीकडचं नाही. तिच्या “व्हय” आणि “खाल्लं की” वरून पोरगं काय म्हणालं असेल ते जुळवत बसायचे. आवाज मात्र जुळवता येत नाही. वर्ष उलटलं, आणि एका सकाळी बाळासोंच्या लक्षात आलं की बिरूचा आवाज आपल्याला नीट आठवेनासा झालाय. लहानपणची ओ आठवते, थोरपणीचं बोलणं पुसट होत चाललंय. तेव्हा मात्र त्यांचा जीव उडाला. मेंढरू हरवलं तर हुडकता येतं, कानातून गेलेला आवाज हुडकायला कुठल्या माळावर जायचं?

त्याच सुमाराला ऋतुजा जेवताना सहज बोलून गेली, “दादा म्हणत होता, कधीकधी आपल्या सोलापूरवरून पण जावं लागतं. वरून घर ओळखू येत नाही म्हणे.” बाळासोंचा घास हातातच राहिला.

मग गच्ची सुरू झाली. विमानाची घरघर आली की हे वर. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं की विमानातलं बोलणं पकडणारे रेडिओ असतात. बाळासो लगोलग बाजारात गेले आणि लांबलचक अँटेना निघणारा एक चकाकता रेडिओ घेऊन आले. विमान आलं की अँटेना बंदुकीसारखी त्याच्यावर धरायची आणि कान लावायचा. आतून सिनेमातली गाणी यायची.

“इमानात गाणी लावत्यात व्हय गं?” त्यांनी तानाबाईला विचारलं.

“लावत्यात की. तुमचंच पोरगं गातंय, ऐका,” ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून हसली. नंतर भाकरी थापताना रडली, पण ते बाळासोंना दिसलं नाही.

तर असा हा माणूस सात रस्त्यावरच्या टपरीवर बसून होता. दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मडिवाळप्पाच बाहेर आला.

“मामा, तुम्ही माझं दुकान राखायलाय की काय?”

“रेडूशिवाय जाणार न्हाय,” बाळासो म्हणाले.

“कशाला हवाय ते तरी सांगा.”

बाळासोंनी सांगितलं. सगळं सांगितलं, छत्री, भंडारा, जिना, गच्ची, काहीच ठेवलं नाही. मडिवाळप्पा अक्कलकोटच्या बाजूचा, कानडी घरातला. त्यांच्याकडंही देवासमोर घेतलेला शब्द म्हणजे चेष्टा नव्हे. त्यानं ऐकून घेतलं आणि स्टूल पुढं सरकवलं. “कूड्री,” तो म्हणाला. मेंढरं घेऊन कानडी मुलखात हिंडलेल्या बाळासोंना हा शब्द माहीत होता. ते बसले.

मग मडिवाळप्पानं त्यांच्यापुढं एकेक नग मांडला. त्याला रेडिओचं वेड होतं, आणि त्या वेडाबद्दल कुणी विचारत नसल्यानं तो उपाशी होता.

“हा तुम्ही घेतलात तसला. एफएम. ह्यात विमान सापडणार नाही. विमानं जुन्या आकाशवाणीच्या पद्धतीनं बोलतात, पण पट्टा, म्हणजे बँड, निराळा. का, तर ह्या एफएममध्ये दोघं एकदम बोलले की जोराचा हळूच्याला गिळून टाकतो. त्या जुन्या पद्धतीत दोघंही थोडे थोडे ऐकू येतात. अडचणीत सापडलेल्याचा आवाज दाबला जाऊ नये म्हणून.”

“शाणी माणसं हायत,” बाळासो म्हणाले.

“ही वॉकीटॉकी. ही बोलणारी.”

“ती ठिवा तिकडं.” बाळासोंनी विंचू बघितल्यासारखा हात मागं घेतला.

“हा लहान डबा संगणकाला लावायचा. स्वस्तात सगळं आभाळ दिसतं, पण तुम्हाला संगणक शिकवेपर्यंत तुमचं पोरगं रिटायर होईल. आणि हा,” त्यानं कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक जुना, जड, काळा संच काढला, “हा माझा स्वतःचा. सगळे पट्टे धरतो, विमानांचासुद्धा. पण संचापेक्षा मोठी गोष्ट अँटेनाची तार. संच लाखाचा आणि तार खोलीत लोंबकळतेय, तर उपयोग शून्य. तार उंचावर पाहिजे, मोकळ्यावर.”

“व्हय. हाक ऐकायची तर टेकाडावरच चढावं लागतंय.”

“आता खरं सांगू का मामा?” मडिवाळप्पाचा आवाज खाली आला. “लष्कराचा आपला वेगळा, वरचा पट्टा आहे. तो मी लावणार नाही, आणि लावला तरी कुलपापलीकडचं काही कळणार नाही. पण तुमच्या पोराचं विमान मालवाहू. ती विमानं वाटेनं जाताना प्रवासी विमानांसारखी साध्या पट्ट्यावर रस्ता विचारत जातात. तेवढं कधीमधी कानावर पडतं. मी विकणार काही नाही. रविवारी दुकान बंद असतं, या. वर माझी तार आहे. बसू. नशिबात असेल तर पडेल कानावर.”

रविवारी बाळासो नवा पटका बांधून गेले. तोच कोशाचा, पोरासाठी आणलेला.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मडिवाळप्पानं गोल बटण फिरवलं. खरखर. तव्यावर ज्वारी भाजताना येते तसली. बाळासो पुढं वाकून बसले, डोळे मिटून. बराच वेळ काही नाही. मग एकदम, कानाजवळ कुणी बोलावं इतका स्पष्ट, एका पुरुषाचा इंग्रजी आवाज. बाळासो दचकले. बोलणं थांबलं, पुन्हा खरखर. थोड्या वेळानं एका बाईचा आवाज. “बायाबी चालिवत्यात?” बाळासोंनी विचारलं. “चालवतात की,” मडिवाळप्पा म्हणाला. मग आणखी एक, आणखी एक. बाळासोंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांना कळायची गरजही नव्हती. प्रत्येक आवाज आला की ते त्याला आत घेत, बिरूच्या आवाजाशेजारी उभा करून बघत आणि सोडून देत.

उन्हं कलायला लागली तेव्हा एक तरुण आवाज आला आणि मडिवाळप्पा सरळ बसला. “हे बघा, हे हवाई दलाचं असणार. ह्यांची नाव सांगायची तऱ्हा निराळी.”

आवाजानं काहीतरी म्हटलं आणि थांबला. खरखर. पुन्हा तेच म्हटलं, त्याच शब्दांत, जरा सावकाश. खरखर. तिसऱ्यांदा तेच.

तो बिरू नव्हता. हे बाळासोंना पहिल्या शब्दालाच कळलं होतं. इतके दिवस पुसट झालेला आवाज परका आवाज शेजारी येताच आतून लख्ख वर आला. पण त्यांना तो आनंद घेता येईना, कारण वरचा तो पोरगा हाक मारत होता आणि कुणी ओ देत नव्हतं. बाळासो उठून उभे राहिले.

“आवो, कुणीतरी ओ द्या की त्याला!”

“मामा, बसा. देतायत.”

“कुटं देत्यात? तीनदा हाक मारली त्यानं! मगाधरनं ऐकतोय मी. ह्यो बोलतोय, ती बाई बोलली, त्यो आदीचा बोलला. कुणालाच कुणी ओ देईना. समदी आपली आबाळात एकटीच वरडाय लागल्यात!”

मडिवाळप्पानं त्यांना हाताला धरून बसवलं. “तसं नाही. ऐका. विमान उंच असतं. त्याच्या आणि माझ्या तारेच्या मध्ये आडवं काही येत नाही, म्हणून ते लांबूनही ऐकू येतं. त्याला उत्तर देणारा माणूस जमिनीवर बसलाय, लांब. तिथून विमानाला ऐकू जातं, पण आपल्यापर्यंत येत नाही. मध्ये जमिनीची पाठ आडवी येते. ओ दिलेली असते मामा. आपल्याला तेवढी हाकच ऐकू येते.”

तेवढ्यात तो तरुण आवाज पुन्हा आला. ह्या वेळी भरभर, मोकळा. “बघा,” मडिवाळप्पा म्हणाला, “मिळालं त्याला उत्तर. जे सांगितलं तेच तो परत म्हणून दाखवतोय. ऐकलं, समजलं म्हणून.”

बाळासोंनी मान हलवली. वरच्या पोराला ओ मिळाली होती. परक्याच्या पोराला, कुठल्या तरी लांबच्या माणसानं, ज्याचं नाव गाव ह्याला माहीत नाही. आणि आपला पोरगा? रोज दिवस मावळायला फोन करतो. रोज शेवटी एकच विचारतो. तात्या हायत का जवळ? ते विचारणं नव्हतं. हाक होती ती. रोजची. आणि रोज जिन्यात, चार पायऱ्यांवर, मध्ये ना डोंगर ना जमिनीची पाठ, हा बाप तोंड मिटून उभा होता. येडूला ओ दिली, एडक्यासाठी सात पिढ्या ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याला दिली. पोटच्या पोराला दिली नाही. वर्षभर. त्यानं काय समजायचं? ओ देत नाही तो माणूस मेला, हे त्याला शिकवलं कुणी?

बाळासोंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“आप्पा,” ते म्हणाले, “मी भंडारा उचलला त्यो बोलणार न्हाय म्हून. ओ देणार न्हाय असं मी कवाच म्हणलं न्हवतं.”

मडिवाळप्पाला ह्यातलं अर्धंच कळलं. “मग आता काय लावू?” त्यानं बटणावर हात ठेवून विचारलं.

“काय लावू नगा. बंद करा. मला घरला जायाचं हाय.”

रिक्षानं ते घरी आले तेव्हा ऋतुजा दारात तुळशीला पाणी घालत होती. “तात्या, मिळाला का रेडिओ?” तिनं विचारलं. ते सरळ आत गेले, घोंगडी खुंटीला अडकवली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. तानाबाईनं बघितलं. तिला वाटलं, नेहमीचंच.

फोन वाजला. तानाबाई त्यांना ओलांडून वर गेली, गच्चीचं दार नेहमीसारखं ओढून घेतलं. बाळासो गुडघ्यांवर हात टेकत एकेक पायरी चढले. दारापलीकडं तिचं बोलणं चाललं होतं. व्हय. खाल्लं की. तुजं सांग. थंडी हाय व्हय तिकडं? स्वेटर घाल. मग ती थांबली. हे थांबणं बाळासोंना पाठ होतं. ह्या थांबण्यात पोरगं तेच विचारत असे.

“हायत की रं,” तानाबाई म्हणाली. “जातील कुटं?”

बाळासोंनी दार ढकललं. गच्चीवर उजेड होता अजून, आभाळ केशरी झालं होतं. तानाबाई वळून बघते तोवर त्यांनी छाती भरून घेतली, तोंडाला दोन्ही हातांचा कर्णा लावला आणि ओ दिली. खोलीत देतात तसली नव्हे. माळावर देतात तसली, ओढ्यापलीकडं पोचणारी. शेजारच्या गच्चीवर वाळवण गोळा करणारी बाई हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. खाली ऋतुजाच्या हातातून तांब्या पडला.

फोनमध्ये काहीच आलं नाही. तानाबाईला वाटलं, कट झाला. तिनं तो कानापासून काढून बघितला, पुन्हा कानाला लावला आणि मग हळूच हात लांब करून नवऱ्यापुढं धरला.

“तात्याऽऽ,” फोनमधून आवाज आला.

थोराड, भरदार, हुद्द्यावरच्या माणसाचा आवाज. शेवटाला तो चिरकला.

बाळासोंनी पुन्हा ओ दिली. पलीकडून पुन्हा हाक आली. इकडून पुन्हा ओ गेली. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. तानाबाईचा हात भरून आला तरी तिनं फोन खाली घेतला नाही. आभाळातला केशरी रंग जाऊन अंधार पडला, तरी बाप आणि लेक एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.